मीनाकाराचा मुलगा : ल कॉर्बुझिए यांची चित्रसाधना

चंदीगड शहराच्या उत्तर टोकाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सेक्टर १ मध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्स वसले आहे. उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय या तीन भव्य वास्तू, त्यांच्यामधले विस्तीर्ण पटांगण आणि काही स्मारके यांचा हा समूह २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्यातील विधानसभेच्या वास्तूला एक समारंभी महाद्वार आहे. सुमारे पंचवीस फूट उंचीचे आणि तितक्याच रुंदीचे हे दार मीनाकाम केलेल्या ११० पोलादी पत्र्यांनी मढवलेले आहे. त्यांतील ५५ पत्रे बाहेरच्या अंगाला आणि ५५ आतल्या अंगाला आहेत. दाराच्या वरच्या भागात सूर्याची वर्षभराची वाटचाल दिसते, खालच्या भागात नदी, झाडे, बैल, कासव आणि साप. १९६४ साली पूर्ण झालेल्या या दाराची चित्रे ज्यांनी स्वहस्ते रंगवली, त्या ल कॉर्बुझिए यांनी तेव्हा वयाची पंच्याहत्तरी ओलांडली होती.

जग त्यांना वास्तुकार म्हणून ओळखते. चंदीगडचे शिल्पकार ही त्यांची भारतातील ओळख तर सर्वश्रुत आहे. परंतु हा मनुष्य जवळजवळ अर्धशतक रोज सकाळी चित्र काढत होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी त्यांच्या जीवनाची ही बाजू निवडण्यामागे एक कारण आहे. आमच्या पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी येतो : रेखाकला परीक्षांचे वाढीव गुण पदरात पडले, आता दहावीच्या वर्षात मुलाने चित्रकलेत वेळ कशाला घालवायचा? दुसरा प्रश्न कलाशाखेकडे गेलेले माजी विद्यार्थी विचारतात : स्वतःची अशी शैली सापडायची तरी कधी? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका आयुष्यात एकत्र पाहायची असतील, तर कॉर्बुझिए यांच्याइतके बोलके आयुष्य दुसरे सापडणे कठीण.

घड्याळांच्या गावात

स्वित्झर्लंडमधील ज्युरा पर्वताच्या कुशीत ला शो-द-फाँ नावाचे गाव आहे. घड्याळे बनवणे हाच त्या गावाचा मुख्य धंदा. तेथे ६ ऑक्टोबर १८८७ रोजी शार्ल एदुआर झानरे याचा जन्म झाला. कॉर्बुझिए हे नाव त्याने पुष्कळ पुढे धारण केले. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करणारे कारागीर होते. धातूवर काचेच्या रंगीत पुडीचा लेप द्यायचा आणि तो भट्टीत भाजून कायमचा बसवायचा, असे ते काम. आपल्याकडे आजीच्या काळात घरोघरी असलेल्या इनॅमलच्या थाळ्या याच तत्त्वावर बनत; फक्त घड्याळाच्या तबकडीवरचे काम कमालीचे नाजूक असे. आई पियानो शिकवीत असे, थोरला भाऊ व्हायोलिन वाजवीत असे. वडिलांना पर्वतारोहणाचे वेड असल्यामुळे डोंगरदऱ्यांची ओळख मुलांना लहानपणीच झाली.

वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शार्लने गावातील कलाशाळेत नाव घातले. घड्याळाच्या झाकणावर कोरीवकाम करणारा कारागीर व्हावे, हा सरळ व्यावहारिक हेतू होता. त्याने कोरलेल्या एका घड्याळाला १९०२ च्या तुरीन येथील प्रदर्शनात पारितोषिकही मिळाले. परंतु त्याची दृष्टी अधू होती. भिंगातून तासन्‌तास पाहत करण्याचे हे काम त्या डोळ्यांना झेपणारे नव्हते. घरच्या धंद्याची वाट येथेच संपली.

त्याच्या सुदैवाने कलाशाळेत शार्ल लेप्लातनिए नावाचे शिक्षक होते. ते विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रानात नेत. ज्युराच्या उतारांवरील पाइनचे झाड नुसते पाहून उतरवू नका, त्याची फांदी खोडापासून कशी फुटते, पान फांदीला कसे चिकटते, शंकूची खवले कोणत्या क्रमाने बसतात हे समजून घ्या आणि मग त्यातून नक्षी घडवा, अशी त्यांची शिकवण होती. निसर्गाच्या बाह्यरूपामागील रचना शोधण्याची ही सवय शिष्याला जन्मभर पुरली. शिष्याला व्हायचे होते चित्रकार. गुरूंनी मात्र त्याला वास्तुकलेकडे वळवले. त्याला तो निर्णय तेव्हा मनापासून पटला नव्हता. तरीही वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, एका अनुभवी वास्तुकाराच्या साहाय्याने, त्याने पहिले घर उभारण्यास घेतले. त्या घराच्या दर्शनी भागावर पाइनच्या झाडाचीच नक्षी आहे. ती सुंदर आहे, पण ती गुरूची आणि गावाची आहे. त्याची स्वतःची नाही. प्रत्येक शिकाऊ कलावंताचा आरंभ असाच उसन्या भांडवलावर होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

वहीतील प्रवास

वास्तुकलेची पदवी या माणसाने कधीच घेतली नाही. त्याऐवजी त्याने प्रवास केला आणि कामे केली. १९०७ मध्ये तो इटलीत गेला. पुढे पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे यांच्याकडे राहून सळई घातलेल्या काँक्रीटचे तंत्र त्याने शिकून घेतले. १९१० मध्ये बर्लिनला पेटर बेहरेन्स यांच्या कार्यालयात त्याने उमेदवारी केली. १९११ मध्ये ऑगस्ट क्लिपश्टाइन या मित्राबरोबर तो पूर्वेकडे निघाला. बाल्कन प्रदेशातील खेडी, इस्तंबूलच्या मशिदी, अथेन्सची अक्रॉपोलिस टेकडी हे सारे त्याने पायांनी तुडवले आणि पेन्सिलीने टिपले. अथेन्समध्ये तर तो आठवड्यामागून आठवडे त्याच टेकडीवर पुन्हा पुन्हा जात राहिला.

या प्रवासातील चित्रे देखणी असावीत असा त्याचा आग्रह नव्हता. वही खिशात मावेल एवढी असे. खेड्यातील कुंभाराचे मडके, चुन्याने रंगवलेली भिंत, देवळाच्या खांबावर पडलेली सावली अशी एकेक गोष्ट थोडक्या रेषांत तो पकडीत असे आणि शेजारी मोजमाप लिहून ठेवीत असे. काढलेली गोष्ट विसरली जात नाही, हा त्याचा अनुभव होता. वही जवळ बाळगण्याचा हा नेम पुढे अखेरपर्यंत चालू राहिला. त्यांच्या अशा सत्तरहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. ज्या वयात आपली मुले तयार चित्रावरून हुबेहूब नक्कल करण्यात समाधान मानतात, त्या वयात हा तरुण पाहण्याचा अभ्यास करीत होता, एवढे येथे लक्षात घेतले तरी पुरे.

बाटल्या, पेले आणि गिटार

गावी परतून काही काळ कलाशाळेत शिकवल्यानंतर १९१७ मध्ये ते पॅरिसला कायमचे राहण्यास गेले. तेथे त्यांची गाठ आमेदे ओझाँफाँ या चित्रकाराशी पडली. ओझाँफाँ यांनी त्यांना तैलरंगांकडे वळवले. १९१८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी पहिले तैलचित्र पूर्ण केले. शेकोटीच्या वरच्या फळीवर दोन पुस्तके आणि एक पांढरा ठोकळा, एवढाच त्याचा विषय. त्याच सुमारास त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढील सत्तेचाळीस वर्षांचे सारे काम त्यांनी एका डोळ्याने केले.

ओझाँफाँ आणि त्यांनी मिळून जो विचार मांडला त्याला शुद्धतावाद असे नाव पडले. त्या काळी पॅरिसमध्ये घनवादाचा प्रभाव होता आणि तो आता केवळ सजावटीकडे झुकला आहे, असे या दोघांचे मत होते. रोजच्या वापराने ज्यांचे आकार घासूनपुसून निश्चित झाले आहेत अशाच वस्तू चित्रात घ्याव्यात, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. बाटली, पेला, चिलीम, पुस्तक, गिटार यांखेरीज त्यांच्या चित्रांत दुसरे फारसे काही दिसत नाही. रंगही मातकट आणि शांत. एका वस्तूची बाह्यरेषा तीच शेजारच्या वस्तूचीही बाह्यरेषा व्हावी, अशी त्यांची रचना असे. बाटलीची मान जेथे संपते तेथूनच गिटारची कमर सुरू होते आणि डोळा एका आकारातून दुसऱ्यात न अडखळता उतरतो. वरवर पाहता साधी वाटणारी ही चित्रे भूमितीच्या आधारावर अतिशय काटेकोरपणे बांधलेली आहेत.

१९२० मध्ये दोघांनी इतरांच्या साहाय्याने एक नियतकालिक काढले. त्यात लिहिताना घराण्यातील एका जुन्या आडनावावरून झानरे यांनी ल कॉर्बुझिए हे नाव घेतले. हे नाव त्यांनी लेखन आणि वास्तुकलेसाठी वापरले. चित्रांवर मात्र १९२८ पर्यंत ते झानरे अशीच सही करीत राहिले. जणू चित्रकाराची ओळख अजून ठरायची होती.

१९२३ नंतर त्यांनी आपली चित्रे लोकांपुढे ठेवणेच थांबवले. ही विश्रांती थोडीथोडकी नव्हती, जवळजवळ पंधरा वर्षांची होती. १९३८ मध्ये झुरिक येथे मोठे प्रदर्शन भरेपर्यंत त्यांची चित्रे बाहेरच्यांना पाहायला मिळाली नाहीत. याच काळात वास्तुकार म्हणून त्यांचे नाव जगभर झाले होते. घरे, व्याख्याने, पुस्तके, वादविवाद यांत त्यांचा दिवस बुडालेला असे. तरीही सकाळची वेळ चित्रांची, हा नेम मोडला नाही. सकाळी घरच्या चित्रशाळेत रंग आणि दुपारनंतर र्‍यू द सेव्र या रस्त्यावरील कार्यालयात इमारती, अशी त्यांनी दिवसाची वाटणी केली होती. प्रदर्शन नाही, विक्री नाही, पाठ थोपटणारे कोणी नाही आणि तरीही रोज काम. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रशंसेची सवय झालेला हात तेच तेच काढीत राहतो. कोणी पाहत नसताना काढणाऱ्याला चुकण्याची मोकळीक असते आणि नवे काही सापडायचे असेल तर ते बहुधा त्या मोकळिकीतच सापडते.

शिंपला, गारगोटी आणि झाडाचे मूळ

या पंधरा वर्षांत चित्रे पार बदलली. बाटल्या आणि पेले मागे पडले. समुद्रकाठी सापडलेला शिंपला, हाडाचा तुकडा, पाण्याने गुळगुळीत झालेली गारगोटी, झाडाचे वाकडेतिकडे मूळ अशा वस्तू त्यांनी चित्रशाळेत गोळा केल्या. त्यांच्या मते या वस्तूंमध्ये मनात काव्य जागे करण्याची शक्ती होती. मोजपट्टीने आखलेल्या रेषेची जागा सैल, वळणदार रेषेने घेतली. कोळिणी, दोर, होड्या, दणकट अंगाच्या स्त्रिया चित्रांत आल्या. रंग गडद झाले. स्वतः सांगितलेला सिद्धान्त स्वतःच ओलांडण्यास धैर्य लागते. ज्या मताने आपल्याला नाव मिळवून दिले त्याला चिकटून राहणे पुष्कळ सोपे असते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्य पॅरिसकडे सरकू लागल्यावर ते पिरेनीज पर्वतातील एका खेड्यात जाऊन राहिले. बांधकामे बंद पडली होती. तेथे एका खळग्यात त्यांना एक गारगोटी आणि एक मूळ सापडले. त्यांनी ती दोन्ही कागदावर काढली. खिडकीबाहेरून दिवसभर नांगराचे बैल जात येत असत. पुन्हा पुन्हा काढता काढता गारगोटी आणि मूळ यांच्या जोडणीतून एका बैलाचा आकार वर येऊ लागला. दहा-बारा वर्षांनंतर तोच बैल त्यांच्या एका मोठ्या चित्रमालिकेचा विषय झाला. कल्पना आकाशातून पडत नाहीत, त्या हाताच्या आवर्तनातून घडतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही.

चित्रातून सापडलेले आकार त्यांनी इतर माध्यमांतही घासून पाहिले. ब्रिटनी प्रांतातील जोसेफ साविना या सुताराने त्यांच्या चित्रांवरून लाकडी शिल्पे घडवली आणि कॉर्बुझिए यांनी ती रंगवली. विणकरांकडून त्यांनी भिंतीवर टांगायचे गालिचे विणून घेतले. १९४६ मध्ये अमेरिकेतील लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर उचललेले खेकड्याचे कवच त्यांच्या टेबलावर पडून होते. फ्रान्समधील राँशाँ येथील प्रार्थनामंदिराचे, १९५५ मध्ये पूर्ण झालेले सुप्रसिद्ध छप्पर त्या कवचावरून सुचले. चित्रशाळेतील सकाळ आणि कार्यालयातील दुपार यांच्यामधली भिंत आता उरली नव्हती.

शिवालिकच्या पायथ्याशी

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मायर आणि मॅथ्यू नोविकी यांनी सुरू केला होता. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मृत्युमुखी पडले. त्यानंतर पंजाब सरकारचे पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे अधिकारी योग्य वास्तुकाराच्या शोधात युरोपात गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये कॉर्बुझिए प्रथम येथे आले, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांचे चुलतभाऊ पिएर झानरे, तसेच मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी होते. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येत. पिएर झानरे मात्र बरीच वर्षे येथेच राहून रोजचे काम पाहत. आपल्या पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत शिकलेले बाळकृष्ण दोशी हेही त्या काळात कॉर्बुझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात काम करीत होते. त्यांना पुढे २०१८ साली वास्तुकलेतील प्रिट्झकर हा जागतिक सन्मान मिळाला.

भारतात आल्यावरही खिशातील वही उघडीच राहिली. बैलगाडी, गुरे, खाट, पाण्याचे घडे, पावसाळी ढग अशा गोष्टींनी त्या वह्यांची पाने भरलेली आहेत. पिरेनीजमधील बैलाला येथे भाऊबंद भेटले. विधानसभेच्या दर्शनी छताची, पावसाचे पाणी वाहून नेणारी वर वळलेली कड पाहिली की बैलाच्या शिंगांची आठवण होते. सभागृहावर उभारलेला प्रचंड नळकांड्यासारखा आकार अहमदाबादच्या वीजकेंद्रातील शीतक मनोऱ्यांच्या रेखाटनांतून आला. म्हणजे खेड्यातील जनावर आणि कारखान्यातील मनोरा, दोन्ही एकाच वहीतून एकाच इमारतीवर पोहोचले.

या इमारती उभारताना यंत्रे थोडी आणि माणसे पुष्कळ होती. बायाबापड्यांनी डोक्यावर घमेली वाहून काँक्रीट चढवले. लाकडी फळ्यांच्या साच्यांचे व्रण त्या काँक्रीटवर तसेच ठेवले आहेत. काही ठिकाणी साच्यातच लाकडी आकृत्या बसवून सूर्य, मासा, साप, चाक, झाड, हात वर केलेला मनुष्य अशा खुणा भिंतींत उमटवल्या गेल्या. हात वर केलेला हा सहा फुटी मनुष्य त्यांच्या मापनपद्धतीचा पाया होता. दार किती उंच, कट्टा किती रुंद हे सारे त्या मानवी देहाच्या प्रमाणावरून ठरत असे.

उच्च न्यायालयाचे उद्घाटन १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ऊन आणि पाऊस दोन्ही झेलणारे छत्रीसारखे छप्पर, आणि प्रवेशाशी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचे तीन उंच स्तंभ ही या वास्तूची ओळख. काँक्रीटच्या भिंतींमुळे न्यायदालनांत आवाज घुमू नये म्हणून कॉर्बुझिए यांनी नऊ दालनांसाठी नऊ प्रचंड गालिचे रेखाटले. आठ गालिचे प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे आणि मुख्य न्यायाधीशांच्या दालनातील १४४ चौरस मीटरचा. काश्मीरच्या विणकरांनी ते अवघ्या काही महिन्यांत विणून दिले. काही न्यायाधीशांना ते मुळीच रुचले नाहीत. न्यायासनामागे रंगीबेरंगी चिन्हे कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. आवडीनिवडीचा हा झगडा कोणत्याही नव्या शैलीच्या वाट्याला येतो.

आणि मग विधानसभेचे ते दार. फ्रान्सने दिलेल्या या भेटीसाठी पोलादी पत्रे फ्रान्समधील कारखान्यात भाजले गेले. ज्या मुलाच्या डोळ्यांना घड्याळाचे बारीक काम झेपले नाही, त्याने साठ वर्षांनंतर वडिलांचेच तंत्र पंचवीस फुटी दारावर वापरले. बोटाच्या पेराएवढी तबकडी महाद्वाराएवढी झाली. तबकडीवर काटे फिरतात, या दारावर खुद्द सूर्य फिरतो. लेप्लातनिए यांनी शिकवलेले झाड, पिरेनीजचा बैल, पंजाबची नदी ही सारी त्या सूर्याखाली एकत्र आली आहेत. तेथे उसने असे काही उरले नाही.

उघडा हात

चरित्र लिहिताना केवळ गुण सांगणे हे वाचकाशी प्रामाणिकपणाचे होत नाही. कॉर्बुझिए हेकेखोर होते. १९३८-३९ मध्ये आयलीन ग्रे या वास्तुकार स्त्रीने उभारलेल्या समुद्रकाठच्या घराच्या भिंतींवर त्यांनी तिची अनुमती न घेता चित्रे काढली. तिला ते आक्रमण वाटले आणि तिचे म्हणणे खरेच होते. युद्धकाळात जर्मनांच्या अंकित असलेल्या फ्रेंच सरकारकडेही ते कामासाठी खेटे घालीत राहिले. जुनी शहरे पाडून नवी उभारण्याच्या त्यांच्या काही योजना आज निर्दय वाटतात. कॅपिटलचे पटांगणही दुपारच्या उन्हात माणसाला एकटे पाडते. कलावंताची शैली मोठी असली म्हणून त्याचे वागणे आपोआप मोठे ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांनी शिकायला हवे.

त्यांचे एक स्वप्न मात्र अपुरे राहिले. १९४८ पासून त्यांच्या कागदांवर एक उघडा हात वारंवार दिसू लागला. पाहावे तर हात, पाहावे तर पंख पसरलेला पक्षी. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ. हे स्मारक कॅपिटलच्या आवारात उभे राहावे म्हणून त्यांनी नेहरूंना पुन्हा पुन्हा लिहिले. देशापुढे पोटापाण्याचे प्रश्न असताना त्यासाठी निधी मिळाला नाही. १९५७ मध्ये पत्नी इव्हॉन यांचे निधन झाले. नंतरच्या वर्षांत ते अधिकाधिक एकाकी झाले, पण सकाळचा नेम चुकला नाही. दक्षिण फ्रान्समध्ये रोकब्रून-काप-मार्ताँ येथे समुद्राच्या काठी त्यांनी स्वतःसाठी जेमतेम बारा फूट लांबी-रुंदीची एक लाकडी खोली बांधली होती. जगाची शहरे आखणाऱ्या माणसाला तेवढी जागा पुरत असे.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी तेथेच समुद्रात पोहत असताना त्यांचा मृत्यू झाला. पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या चौकात झालेल्या अखेरच्या मानवंदनेत भारताच्या वतीने गंगाजल अर्पण करण्यात आले. पिएर झानरे यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित झाल्या. उघडा हात मात्र कॉर्बुझिए यांच्या पश्चात वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, उभा राहिला. २६ मीटर उंचीचे ते धातूचे स्मारक वाऱ्याबरोबर सावकाश फिरते.

आपल्या शाळेचा पहिला वर्ग भरला तोही १९६५ सालीच. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण साठ वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना आपण मुलांच्या हाती काय दिले, हा प्रश्न मुख्याध्यापिकेला पडणे साहजिक आहे. निकालाच्या टक्केवारीचे फलक कार्यालयाबाहेर लावलेले आहेतच. फलकावर न मावणारी एक गोष्ट म्हणजे पाहण्याची सवय. लेप्लातनिए यांनी एका अधू दृष्टीच्या मुलाला झाड कसे पाहावे ते शिकवले. त्या शिकवणीचे पीक त्यांच्या गावापासून हजारो मैलांवर, साठ वर्षांनी, दुसऱ्याच देशातील एका विधानसभेच्या दारावर आले. शिक्षकाच्या श्रमाचे फळ इतक्या दूर आणि इतक्या उशिरा लागते, आणि बहुतेक वेळा ते पाहण्यास तो स्वतः नसतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे कलेच्या क्षेत्रात आहेत त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की शैलीचा शोध घेत बसू नका. गुरूकडून घ्या, प्रवासातून घ्या, मित्राबरोबर एखादा सिद्धान्त मांडा आणि वेळ आल्यावर तो सोडूनही द्या. ज्या आकाराकडे हात पुन्हा पुन्हा वळतो, तो टिकवून ठेवा. बाटली, शिंपला, बैल, हात अशा मोजक्या गोष्टी कॉर्बुझिए यांनी आयुष्यभर काढल्या. नवे विषय मिळाले नाहीत म्हणून नव्हे, तर त्या प्रत्येकात अजून काही उरले आहे असे त्यांना वाटत राहिले म्हणून.

आणि पालकांना एक विनंती. चंदीगडला कधी जाणे झाले तर कॅपिटल कॉम्प्लेक्स अवश्य पाहा. ओळखपत्र दाखवून मार्गदर्शकाबरोबर आत जाता येते. मुलांना बरोबर न्या आणि त्यांच्या खिशात एक छोटी वही राहू द्या. त्यांनी तेथे काय काढले यापेक्षा किती वेळ थांबून पाहिले, याची चौकशी करा. चित्रकलेच्या तासाचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर तेथल्या तेथे मिळेल.